मातीचा कागद हातात आहे, निर्णय मात्र होत नाही

अनेरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आम्हां दोघा भावांची मिळून चौदा एकर जमीन आहे. सगळी काळी आणि भारी, पाणी विहिरीचे, आणि पिके वर्षानुवर्षे केळी आणि कापूस हीच. गेल्या महिन्यात विहिरीजवळच्या पाच एकरांची माती तपासून आणली. सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के, जस्त आणि लोह कमी, पालाश भरपूर. २०१७ साली मिळालेल्या सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत कर्ब ०.४४ होता. म्हणजे माती खाली चालली आहे, असा मी अर्थ काढला.

माझा विचार असा की या खरिपात पाचही एकरांत धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून गाडावे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की धैंच्याची पावती कोणत्याही बाजारात फाटत नाही, आणि कापूस लावला तर निदान दुकानदाराचे मागचे देणे तरी फिटेल. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, ‘तुमचं तुम्ही पाहा.’ आमच्या घरात याचा अर्थ ‘काही करू नका’ असा होतो.

दुसरा प्रश्न गावाचा आहे. विकास सोसायटीच्या ओट्यावर सहज विचारणा केली, तेव्हा अकरा जणांकडे पत्रिका निघाल्या. त्यांतल्या एकानेही त्यावरून खताची एक गोणी कमी किंवा जास्त केलेली नाही. एकाने तर ती लॅमिनेशन करून पासबुकाच्या पिशवीत जपून ठेवली आहे. तेव्हा जाणकारांना विचारतो : माती सुधारण्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या बांधाच्या आत घ्यायचा, की त्यासाठी गावात कुणी पुढे व्हावे लागते? आणि व्हावे लागत असेल, तर कुणी?

भुसावळ जंक्शन

आमच्याकडे हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. निर्णय घेणारे गृहस्थ कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे बसतात. निदान तेच करतात, औषध तेच देतात आणि उधारीही तेच लिहून ठेवतात. मातीचा कागद त्यांना दाखवला, तर त्यावर ते पुडीतले शेंगदाणे खायला देतील.

निवृत्त परीक्षक

अनेरकाठ, निर्णयाकडे वळण्यापूर्वी आपल्या दोन आकड्यांची तुलना सोडून द्या, ही पहिली विनंती. नोकरीची बरीच वर्षे मी मातीचे नमुने तपासण्यात घालवली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. तिच्यात नमुना प्रत्येक गटातून घेतलेला नव्हता. बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना, आणि त्या चौकोनात ज्यांच्या जमिनी येतील त्या सर्वांना त्याच निकालाची पत्रिका, अशी ती पद्धत होती. म्हणजे २०१७ चा आपला ०.४४ हा आकडा कदाचित शेजाऱ्याच्या बांधाजवळच्या मातीचा असेल. आताचा नमुना आपण स्वतः घेतला, तो पाच एकरांत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून, वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्ध्या किलोवर आणलेला असेल, तर त्यावर विश्वास ठेवा. खताच्या ढिगाखालची, ठिबकच्या नळीखालची किंवा बांधावरच्या झाडाखालची माती आली असेल, तर पुन्हा घ्या.

सामू ८.३ पाहून कुणी जिप्सम टाकायला सांगेल, तर थांबा. तापीखोऱ्यातल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि तिच्यामुळे सामू ८.२ ते ८.४ च्या आसपास अडून राहतो. ही जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, नव्हे. जिप्समचा उपयोग मातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो तिथे, आणि तो आहे की नाही हे विनिमययोग्य सोडियम तपासल्याशिवाय सांगता येत नाही. घरच्या घरी एक करा : ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसले, तर चुनखडी आहे. लोह आणि जस्त कमी दिसते ते बहुधा त्यामुळेच. ते जमिनीत असते, पिकाला मिळत नाही.

धैंच्याविषयी खरे सांगायचे तर आपल्या अपेक्षा थोड्या खाली आणाव्या लागतील. एका एकरातल्या वरच्या वीतभर थरात साधारण आठ लाख किलो माती असते. तीत कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर आठशे किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. चांगला वाढलेला धैंचा एकरी सहा-सात टन हिरवा भार देतो. वाळवला, तर तो दीड टनाच्या आत येतो आणि त्यात कर्ब सहाशे किलोंच्या आसपास असतो. आपल्या उन्हात त्यातला बहुतेक भाग वर्षभरात हवेत परत जातो. म्हणून एक वर्ष धैंचा गाडून पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत आकडा वाढलेला शोधायला गेलात, तर निराश व्हाल आणि भाऊ म्हणेल, ‘मी सांगितलेच होते.’

नफेकरी

परीक्षक साहेबांच्या हिशोबात एक रकाना राहिला. जमीन कुणाची आहे?

मी पारोळ्याकडचा. स्वतःची दोन एकर आहे आणि नऊ एकर नफ्याने, म्हणजे मालकाला भाडे देऊन, करतो. आमच्या गावात सालदाराचे (वर्षभराच्या गड्याचे) साल जसे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते, तसा नफ्याचा बोल, म्हणजे करारही आखाजीलाच होतो आणि तो एका वर्षाचा असतो. पुढच्या आखाजीला मालक जमीन माझ्याकडेच ठेवील याची खात्री नसताना मी त्याच्या मातीत शेणखताच्या ट्रॉल्या रिकाम्या करायच्या, आणि जमीन सुधारली म्हणून त्याने पुढच्या वर्षी नफा वाढवून मागायचा, हा शहाणपणा मला जमत नाही. त्या नऊ एकरांत मी युरिया टाकतो, कारण युरिया त्याच हंगामात वसूल होतो. ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांत मिळते. इतके स्वस्त दुसरे काही शेतात पडत नाही. माझ्या स्वतःच्या दोन एकरांत मात्र गेली सहा वर्षे मूग-उडदानंतर दादर (रब्बी ज्वारी) असते आणि चारा सोडून बाकी सगळे शेतातच राहते. माणूस तोच, अक्कल तीच, निर्णय दोन.

अनेरकाठ

नफेकरी भाऊ, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ओट्यावरच्या त्या अकरा जणांत किमान चार नफ्याने किंवा बटाईने करणारे होते, आणि त्यांना मी ‘पत्रिका पाहून बदल का केला नाही’ असे जरा चढ्या आवाजात विचारले होते.

रावेर स्टेशन

केळीच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे घड कापले की खांब तोडून बांधावर ओढून टाकायचे आणि जमीन ‘स्वच्छ’ करायची, अशी रीत होती. स्वच्छ शेत दिसले की वडीलधारी मंडळी खूष होत. त्या खांबांतून किती पालाश बांधावर जात होता याचा कुणी विचार केला नाही. केळी हे पालाश उपसणारे पीक आहे आणि त्यातला मोठा वाटा खोडात आणि पानांत राहतो. आता आम्ही खांबांचे तुकडे करून सरीतच पसरवतो आणि रोटाव्हेटर मारतो. पहिल्या वर्षी मजूर कुरकुरले, कारण त्या चिखलासारख्या लगद्यात पाय घसरतात आणि चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात सरीतली माती मुठीत दाबून सोडली, तर ती भुगा होऊन सुटत होती. शेजारच्या शेतातली तशीच दाबली, तर मुठीचा ठसा घेऊन ढेकूळ राहत होते. प्रयोगशाळेचा आकडा मी अजून काढलेला नाही.

हरण्या या विषाणूजन्य रोगाची झाडे मात्र कंदासह उपटून बागेबाहेर नष्ट करायची. त्यांत माती सुधारण्याचा मोह नको, कारण मावा तो विषाणू शेजारच्या बागेत नेतो आणि मग शेजारी तुमच्या दारात येतो. करप्याने भरलेल्या पानांचेही तसेच.

कपाशी

मी एरंडोलचा. पऱ्हाटीबाबत, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांबाबत, माझी फजिती सांगतो, कारण या विषयावर सगळे यशच लिहितात.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आम्हाला झोपवले. त्यानंतर फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून घेतलेला कापूस) घ्यायची नाही आणि पऱ्हाटी शेतात उभी ठेवायची नाही, हे मनाशी पक्के झाले. बहुतेकांनी जाळली. मी म्हटले, जाळायची कशाला, मातीत घालू. जानेवारीत श्रेडर आणून चार एकरांतली पऱ्हाटी बारीक केली आणि नांगरून टाकली. मला वाटले, जूनपर्यंत कुजेल. आपल्या फेब्रुवारी ते मेमध्ये कोरड्या ढेकळात काय कुजणार? ओलच नाही. मृगाचा पाऊस पडला, मी कापूस लावला आणि नेमके तेव्हाच कुजणे सुरू झाले. लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतो. तो त्यांनी मातीतून उचलला. महिन्याभरात माझी चार एकर पिवळी, आणि मध्ये बांध टाकून चुलत्यांची हिरवीगार. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण मोटारसायकल थांबवून विचारायचा, ‘काय फवारलं रे?’

नंतर वाचून आणि विचारून समजले, ते असे : पऱ्हाटीचा भुगा शेताच्या कोपऱ्यात ढीग लावून, शेण आणि पाणी देत, थोडा युरिया शिंपडून आधी कुजवावा आणि मग खत म्हणून टाकावा. आता तसेच करतो. पण गावात आजही ‘पऱ्हाटी गाडणे’ म्हटले की माझे ते पिवळे शेत आठवते. पुढारीपणाविषयी धागाकर्त्यांनी विचारले आहे, म्हणून लिहिले. जो पुढे होतो त्याची चूक गावाच्या लक्षात वीस वर्षे राहते, आणि मागे राहणाऱ्याची चूक कुणाला दिसतच नाही, कारण ती सगळ्यांच्या शेतात सारखीच असते.

भुसावळ जंक्शन

कपाशी भाऊ, चुलत्यांनी ते पिवळे शेत पाहून त्या वर्षी निदान एक फेटा तरी बांधला असेल.

कपाशी

फेटा नाही, पण पेढे वाटले असते, तर आश्चर्य वाटले नसते.

पांझराकाठ

धाग्याचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आम्ही साक्री तालुक्यातले. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. लोक तिच्याकडे पाणीवाटप म्हणून पाहतात, पण ती मातीचीही व्यवस्था होती. बंधाऱ्याखालचे सगळे क्षेत्र तीन-चार फडांत वाटलेले असे. एका वर्षी एका फडात सर्वांनी ऊस, दुसऱ्यात सर्वांनी रब्बीचे पीक, असे ठरत असे आणि पुढच्या वर्षी पिके फडाफडांतून फिरत. तुमचा तुकडा कोणत्या फडात आहे यावर तुमचे पीक ठरणार. तुमच्या मनात आले म्हणून सलग पाच वर्षे ऊस घेता येत नसे. म्हणजे फेरपालट हा कुणाच्या वैयक्तिक शहाणपणावर सोडलेला विषय नव्हता. पाटकरी, जागल्या आणि हवालदार ही माणसे शेतकऱ्यांनीच नेमलेली असत. पाणी वरच्याचे आधी की खालच्याचे, हे भांडण त्यांच्या पातळीवर मिटत असे.

माझे आजोबा सांगत की पंचांपैकी कुणी सर्वांत मोठा शेतकरी असेलच असे नव्हते. ज्याची जमीन पाटाच्या शेवटी, त्याचे म्हणणे मात्र बैठकीत कान देऊन ऐकले जाई, कारण शेवटच्याला पाणी पोहोचले, तर सर्वांना पोहोचले असे धरायचे.

शिरपूर फाटा

पांझराकाठ, फडाचे गुणगान मलाही आवडते, पण ती पद्धत टिकली कारण पाणी एकाच पाटातून येत होते आणि दुसरा पर्याय नव्हता. ज्या दिवशी फडात पहिली विहीर खोदली गेली आणि तिच्यावर मोटार बसली, त्या दिवशी त्या शेतकऱ्याला पंचांची गरज उरली नाही. आज प्रत्येकाच्या शेतात स्वतःचे पाणी असताना ‘या वर्षी सर्वांनी हरभरा’ असे सांगणारा पंच कोण आणि त्याचे ऐकणार कोण?

आणखी एक सांगतो. आमच्या तालुक्यात २००४ पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल आणि रुंद करण्याचे, बंधारे बांधण्याचे काम झाले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मर्यादांवर मतभेद आहेत, ते इथे काढत नाही. पण लोक मागे का उभे राहिले? कारण नाला खोल केला आणि पाऊस झाला की त्याच हिवाळ्यात विहिरीत दोर टाकून पाणी मोजता येते. पाण्याच्या कामाला पुढारी मिळतो, उद्घाटन होते, नारळ फुटतो. माती पाच वर्षांनी किंचित भुसभुशीत झाली याचा नारळ कुठे फोडायचा? म्हणून मातीला पुढारी मिळत नाही.

सातपुडा पायथा

शिरपूर फाटा यांचे पटते, पण पूर्ण नाही. साक्री तालुक्यातलेच बारीपाडा पाहा. तिथे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखले, आणि त्यासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. जंगल वाढायला पाच वर्षेही पुरत नाहीत, तरी लोक टिकून राहिले. मी तिथे वनभाजी स्पर्धेच्या निमित्ताने गेलो होतो. माझ्या मते तिथली गोष्ट अशी आहे की गावाने आधी स्वतःवर नियम घालून घेतले, तोडणाऱ्याला दंड ठेवला आणि राखणीची पाळी लावली. नियम सर्वांनी मिळून केला की फळ उशिरा आले तरी चालते, कारण वाट सगळेच पाहत असतात. एकटा माणूस वाट पाहतो, तेव्हा त्याला शेजारच्या शेताकडे पाहून घाम फुटतो. कपाशी भाऊंना फुटला तसा.

खळे

गटाने करायचे म्हणत आहात, तर उत्पादक कंपनीचा अनुभव ऐकून घ्या. २००२ च्या कायदा दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची कंपनी काढता येऊ लागली. दहा शेतकरी जमले तरी पुरते. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार संघटना उभ्या करण्याची योजना आणली, तेव्हा आमच्या भागातही एक निघाली. मी सभासद झालो, शेअरचे पैसे भरले. उद्देशांत ‘माती परीक्षण आणि जमिनीचे आरोग्य’ पहिल्या पानावर होते. दोन वर्षांत काय झाले? तिचे कृषी सेवा केंद्र झाले. तीच खते, तीच औषधे, फक्त काउंटरमागे आमच्यातलाच माणूस. संचालक मंडळाच्या सह्या घरोघर फिरून घेतल्या जात. मी एकदा विचारले की माती तपासून खत कमी विकले गेले, तर कंपनीला आनंद होईल का? उत्तर आले नाही, चहा आला.

रावेर स्टेशन

खळे, हा दोष कंपनीच्या रचनेचा नाही, उत्पन्नाच्या वाटेचा आहे. आमच्या गटाने खत विकायला घेतलेच नाही. खांब बारीक करणारे यंत्र घेतले आणि ते भाड्याने फिरवतो. यंत्र जितके फिरेल तितका काडीकचरा मातीत जातो आणि गटालाही पैसे मिळतात. गट कशावर पोट भरतो हे आधी पाहा, मग तो मातीचे काय करील ते आपोआप कळते.

आखाजी

इतके सगळे लिहिले गेले, पण शेणखताविषयी कुणी बोलले नाही. अमळनेर तालुक्यातले माझे सासर. आमच्या घरी शेणखत कोणत्या शेतात पडायचे हे कुणी ठरवले होते, सांगू? अंतराने. उकिरड्याजवळच्या मळ्यात दरवर्षी गाड्या रिकाम्या व्हायच्या आणि नाल्यापलीकडच्या बरडात वीस वर्षांत एकही गेली नाही, कारण बैलगाडी नाल्यातून चढत नसे. पुढे बैल विकले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर नाला सहज चढतो, पण तोवर शेणच संपले होते. आता दारात एक म्हैस आहे आणि तिचे शेण मी ठरवते तिथे पडते, कारण ते मी उचलते.

सातबाऱ्यावर माझे नाव नाही. कृषी खात्याची शेतीशाळा झाली, तेव्हा निरोप ह्यांना आला आणि हे भुसावळला लग्नाला गेले होते. निंदणी, वेचणी, बी राखणे, शेण टाकणे आम्ही करतो. कोणत्या तुकड्यात पाय रुततो आणि कोणत्यात विळा दगडासारख्या मातीवर खणकतो, हे निंदणाऱ्या बाईला प्रयोगशाळेच्या आधी कळते. अनेरकाठ भाऊ, तुम्ही भावाला विचारले, वडिलांना विचारले. घरात आणखी कुणाला विचारले का?

अनेरकाठ

आखाजी ताई, नव्हते विचारले. आपला प्रतिसाद वाचून काल विचारले. आई आणि भावजय दोघींनी एकाच वाक्यात सांगितले की पाच एकरांपैकी निंबाकडचा अर्धा भाग कापूस निंदताना नेहमी टणक लागतो आणि विहिरीकडचा नाही. मी पाच एकरांचा मिळून एकच नमुना काढला होता.

निवृत्त परीक्षक

मग तो नमुना मी आता अर्धवट धरतो. दोन वेगळ्या जमिनी मिसळून काढलेला ०.३१ हा कोणत्याच तुकड्याचा आकडा नव्हे. दोन नमुने वेगवेगळे काढा, आणि टणक भागात विनिमययोग्य सोडियमही तपासून घ्या. तिथे खरोखर चोपण निघाली, तर जिप्समबद्दलचे माझे वरचे म्हणणे त्या भागापुरते मागे घेईन. धैंचा अशा जमिनीत ताग किंवा मुगापेक्षा चांगला तग धरतो, हे आपल्या बाजूने आहे.

आणि भावाच्या आक्षेपावर एक वाट सुचते. आपण केळी मृगबागेतच, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, लावता का? कांदेबाग (पावसाळ्याअखेरची लागवड) धरली, तर जूनमध्ये पेरलेला धैंचा पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलावर येताच गाडता येईल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीपर्यंत तो पावसाच्या ओलीत कुजेल. म्हणजे केळीचा हंगाम बुडत नाही.

नफेकरी

आणि चांगल्या अर्ध्या भागात धैंच्याऐवजी मूग घ्या. शेंगांच्या दोन तोडण्या झाल्या की हिरवा पाला तसाच गाडायचा. धैंच्याएवढा भार मिळत नाही, पण भावाला बाजारात फाटलेली पावती दाखवता येते.

अनेरकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर दोघे भाऊ अंगणात बसलो. ठरले ते असे : नमुने पुन्हा, दोन वेगळे. निंबाकडच्या अडीच एकरांत धैंचा, विहिरीकडे मूग, दोन्हींवर कांदेबाग. बाकीच्या नऊ एकरांतला कापूस भाऊ नेहमीप्रमाणे करील, त्यात मी बोलायचे नाही. निंबाकडे चार सऱ्यांचा एक पट्टा धैंचा न पेरता तसाच ठेवायचा, म्हणजे पुढे फरक पडला की नाही यावर वाद नको. ही पट्ट्याची कल्पना भावाची आहे. तो म्हणतो, फरक दिसला नाही, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस.

गावाच्या प्रश्नात मी अजून तिथेच आहे. ओट्यावरच्या त्या चौघांची मात्र माफी मागितली. त्यांतल्या एकाने विचारले की मालकाशी तीन वर्षांचा बोल करायचा असेल, तर कागद कसा करावा. मला माहीत नाही. इथे कुणी केला आहे का?

नफेकरी

केला नाही. पण करून पाहायला मी तयार आहे. मसुदा कुणी देत असेल, तर आखाजीच्या आत द्या.